नानांची समाधी आणि माझं वाऱ्याचं मशीन

नाना, तुमचा फोटो आज भिंतीवरून खाली काढलाय. पुसायला काढला असं सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, "आई, दिवाळी होऊन गेली, आता कसली झाडझूड?" मी म्हटलं, "माझ्या बापाच्या नाकात धूळ गेलीय, शिंकले तर काच फुटेल." ती हसली आणि माझ्या नातीला डोस पाजायला दवाखान्यात घेऊन गेली. आता घरात मी आणि तुम्ही. गव्हाच्या कोठीला टेकवून ठेवलंय तुम्हाला. तसेच बसलेले आहात, खुर्चीला पाठ न टेकवता, हनुवटी वर, जसं काही फोटोला नाही, झेंडावंदनाला आलात. अमळनेरचा तो फोटोवाला बिचारा म्हणत होता, "नाना, जरा आरामात बसा." तुम्ही त्याला म्हणालात, "आराम मेल्यावर करसू." मग, करताय का? तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. एव्हाना पाठ टेकवायला हरकत नव्हती.

सातवीपर्यंत शाळेत पाठवलंत म्हणून हे लिहिता येतंय. तेवढे आभार आधीच मानून टाकते, कारण पुढं आभाराचं काही नाही. तुम्ही ओट्यावर बसायचे तेव्हा तुमच्यापुढं कुणाची बोलायची हिंमत नव्हती, मायची तर नाहीच नाही. आता फोटोत आहात, उठून जाता येत नाही. ऐका.

सकाळी आपल्या ओट्यावर तुमचा दवाखाना भरायचा. दवाखाना कसला, एक पितळी पातेलं आणि त्यात काडेकिराईताचा काढा. ताप आला, किराईत. पोट धरलं, किराईत. कुणाची सून सासरी नांदत नाही, तिलाही किराईतच. धरणगावपर्यंतच्या खेड्यांतली माणसं यायची, आणि तुम्ही पेला हातात देऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. तोंड वाकडं केलं की दुसरा पेला. कुणी वर गूळ मागितला तर तुमचे डोळे असे व्हायचे, जसं काही त्यानं गोठ्यातली गायच मागितली. "गूळ खादा का दवाईनी ताकद गयी." हे मी इतक्यांदा ऐकलं की पाढ्यांच्या आधी तेच पाठ झालं. मला हिवताप आला होता, मी असेन आठ-नऊ वर्षांची. तुम्ही माझं नाक दाबून काढा पाजलात. मी गूळ, गूळ म्हणून रडले, तर म्हणालात, "सोसाले शीक. गोड करीसन खाई ती मिठाई, दवाई नही." मोठे शहाणे. अंगात ताप असलेल्या पोरीला शास्त्र शिकवत होते.

आणि घरामागं काय चालायचं ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, हे आठवून मला अजून गुदगुल्या होतात. तुमच्या ओट्यावरून उतरलेला माणूस बोळातून वळून मागच्या दाराशी जायचा. तिथं माय भांडी घासायचं निमित्त करून बसलेली असायची, पदराखाली गुळाचे खडे. काही न बोलता एकेकाच्या हातावर ठेवायची. मी एकदा विचारलं, "माय, नाना म्हणतात ताकद जाते." ती म्हणाली, "दवाई पोटमा जावाले पाहिजे. तोंड वाकडं व्हयनं तं कोण दखस?" ज्यांना मायचा गूळ मिळायचा ते दुसऱ्या दिवशी परत यायचे, तिसऱ्या दिवशी यायचे, आणि बरे व्हायचे. ज्यांना मिळायचा नाही ते काढा गालात धरून बोळाच्या वळणावरच्या गटारीत थुंकायचे आणि मग अमळनेरला इंजेक्शन घ्यायला पळायचे. तुमचा सगळा नावलौकिक मायच्या पदराखाली होता, नाना, आणि मिशीला पीळ तुम्ही देत होते.

पण काढ्याचं एक वेळ राहू दे. तुमची समाधी!

दुपारी जेवून तुम्ही ओट्यावरच्या खाटेवर उताणे पडायचे. उशी नाही, अंथरूण नाही, नुसत्या सुतळीवर, कारण मऊ लागलं की माणूस सडतो हे तुमचं दुसरं शास्त्र. पडल्या पडल्या घोरणं सुरू. समोरच्या निंबावरचे कावळे उठून पलीकडच्या निंबावर जायचे. मग मध्येच सगळं थांबायचं. घोरणं बंद, श्वास बंद, छाती हलत नाही, पोट हलत नाही. बोळातली कुत्रीसुद्धा मान वर करून बघायची. आणि मग एकदम घर्र करून तुम्ही असे उसळायचे की खाट करकरायची. एका दुपारी काढा प्यायला आलेला एक कापसाचा दलाल हे सगळं बघत बसला. तुम्ही डोळे उघडले तर समोर तो हात जोडून. "नाना, तुम्हना तं श्वास बंद व्हता!" तुम्ही क्षणभर गोंधळलात. मी दारात उभी होते, मी बघितलं. तुम्हाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मग तुम्ही मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालात, "जागाच व्हतू मी. श्वास मीच रोखेल व्हता."

झालं. त्या एका थापेवर आपलं घर देऊळ झालं. दलाल तुमचा पहिला चेला. तो दुसऱ्या दिवशी अगरबत्तीचा पुडा घेऊन आला, तिसऱ्या दिवशी मेव्हण्याला घेऊन आला. मग बायका जास्वंदीची फुलं आणून खाटेच्या पायथ्याशी ठेवायला लागल्या. पोरांच्या गोट्या बंद केल्या, कारण आवाज होतो. पिठाची गिरणीसुद्धा दुपारची बंद ठेवायला लावली, आणि तुमचं घोरणं गिरणीच्या वर! सगळी माणसं खाटेभोवती मांडी घालून बसलेली, तुम्ही घोरताय तोवर एकमेकांशी कापसाच्या गोष्टी करताहेत, आणि घोरणं थांबलं की सगळ्यांचे हात जोडलेले. जगात माणसं देवाच्या पाया पडतात, गुरूच्या पडतात. बंद पडलेल्या नाकाच्या पाया पडणारं आपलंच गाव. आणि तुम्ही? तुम्ही पाय पुढं करत होते. संध्याकाळी उठून डोकं धरून बसायचे, तांबडे डोळे, बोलता बोलता पेंगायचे, वाटणीचं बोलणं चाललेलं असताना भर पंचांत तुमची मान पडली, तर तोही चेल्यांना चमत्कारच.

एकट्या मायनं ओळखलं होतं. ती लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण तिला कान होते. ती मला हळूच म्हणायची, "त्यास्ना दम कोंडास व माय. समाधी कसानी?" तिनं बघून ठेवलं होतं की तुम्ही कुशीवर असले की श्वास अडकत नाही, उताणे झाले की अडकतो. म्हणून ती एक गोधडी गुंडाळून तुमच्या पाठीशी लावायची, म्हणजे उताणं होता येऊ नये. जुन्या लुगड्यांची, मऊ गोधडी. तिचा स्वतःचा शोध. तुम्ही जागे झालात की पहिलं काम म्हणजे ती गोधडी ओट्यावरून बोळात फेकायची. "लाड! माले काय बाळंतीण समजस?" आणि चेल्यांसमोर तिला म्हणालात, समाधीत असताना हात लावला तर याद राख. ती गोधडी झटकून आत घेऊन गेली. तुमच्या घरात एक डॉक्टर होती, नाना. तिला तुम्ही भांडी घासायला ठेवली होती.

आता माझं ऐका. तुमची गोधडी फेकायची खोड माझ्यात आली नाही, पण घसा तुमचाच आला. लग्न होऊन धुळ्याला गेले तेव्हापासून घोरते म्हणे. माझे मालक यष्टीच्या डेपोत मेकॅनिक, ते म्हणायचे, "तुझं इंजिन उतरवून बघायला पाहिजे, सायलेन्सर फुटलाय." मी म्हणायची, "बघा उतरवून, परत बसवता आलं तर." ते गेले. मग मी जळगावला पोराकडे आले, आणि हळूहळू माझी दिवसाची झोप वाढली. भाकरी थापता थापता डोळा लागायचा. धुळ्याहून यष्टीत बसले, एरंडोलला बहिणीकडे उतरायचं होतं, डोळे उघडले तर जळगावचा स्टँड. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तीनदा हाक मारली." मी म्हटलं, "चौथी तर मारायची." लोक हसायचे, मीही हसायची. बापावर गेले, समाधी लागते, असं मीच सांगत फिरायची.

मग एक दिवस नात मांडीवर होती. चार महिन्यांची. मी तिला थोपटत होते आणि माझाच डोळा लागला. पोरगी मांडीवरून घसरून खालच्या दुपट्यावर आली. लागलं नाही, रडलीसुद्धा नाही, टकामका बघत होती. सूनबाई आली, पोरीला उचललं, शब्द बोलली नाही. चांगल्या घरची आहे. पण त्या दिवसापासून मी हात पुढं केले की म्हणायची, "राहू द्या आई, तुम्ही दमलात." काय दमले होते मी? काही दमले नव्हते. पोरगी दिवसभर माझ्यासमोर पाळण्यात, मी तिला लांबून चिमण्या-कावळे दाखवतेय, आणि ती माझ्याकडे हात करतेय. नाना, तुमच्या समाधीला जास्वंद मिळाली, माझ्या समाधीनं माझी मांडी रिकामी केली.

पोरानं इथल्याच एका डॉक्टरीणबाईकडे नेलं. मुंबईला शिकून आलेली, माझ्या सुनेच्या वयाची. तिनं मुंबईहून एक तपासणी करून आणायला लावली, अंगाला वायरी लावून झोपायचं. म्हटलं, झोपायची परीक्षा असेल तर मी पहिल्या नंबरानं पास. कागद बघून ती म्हणाली, "घरात अजून कुणी असं घोरायचं का?"

"माझे वडील. पण त्यांचं साधं घोरणं नव्हतं. त्यांना समाधी लागायची."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं, अगरबत्तीसकट. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मावशी, झोपेत घशातली वाट मिटते. श्वास अडकतो. मग जीव घाबरा होऊन माणूस अर्धवट जागा होतो आणि दचकून श्वास घेतो. हे पुन्हा पुन्हा होतं, म्हणून दिवसा पेंग येते, हृदयावर ताण येतो. हा आजार आहे. तुमच्या वडिलांना हाच होता."

मी हसायला लागले. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. ती घाबरली, पाणी मागवलं. मी म्हटलं, "नको गं बाई. अख्ख्या गावानं एका आजाराला नारळ फोडले, ते आठवतेय." ती हसली नाही. तिनं विचारलं, "ते कशानं गेले?" मी म्हटलं, "ते नंतर सांगते." आणि हसणं तिथंच थांबलं.

तर मशीन आलं. चपलांच्या खोक्याएवढा एक डबा, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायची टोपी आणि डोक्यामागून घ्यायचे पट्टे. आतला पंखा नाकातून वारा ढकलतो, त्या वाऱ्यानं घशाची वाट उघडी राहते, एवढंच. किती जोराचा वारा पाहिजे ते डॉक्टरनं ठरवून दिलेलं, त्याला आपण हात लावायचा नाही. मशीनवाल्यानं घरी येऊन समजावलं. हे एक बटण, रॅम्प म्हणतात, ते दाबलं की वारा आधी मंद सुरू होतो आणि हळूहळू ठरलेल्या जोराला जातो. ही पाण्याची डबी, कोमट पाण्यावरून वारा येतो, नाक कोरडं पडत नाही. आणि पट्टे ढिले ठेवा, टोपी नाकावर नुसती टेकली पाहिजे. मी विचारलं, "हे सगळं कशासाठी?" तो म्हणाला, "तुमच्या आरामासाठी, मावशी."

आराम! तो शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तुम्ही खडबडून उठून बसलात. वीस-पंचवीस वर्षं संसार केला, नवरा गेला, पोराचं लग्न केलं, तरी तुम्ही आपले आत पेला धरून बसलेलेच. मशीनवाला जिना उतरला आणि मी रॅम्प बंद केला. पाणी तुळशीला ओतलं. पट्टे असे आवळले, जसं काही जिनिंगमध्ये कापसाची गासडी बांधतेय. म्हटलं, औषध आहे ना, मग त्यात गूळ नको. पुरी ताकद पाहिजे. नात मांडीवर यायला पाहिजे तर सोसायला पाहिजे.

आणि सोसलं की. बटण दाबलं आणि नाकात वैशाखातलं वावधन, धुळीचं वादळच शिरलं. श्वास आत घेऊ की बाहेर सोडू कळेना. डोळ्यांतून पाणी, कानात दडे. नाक आतून असं वाळलं की सकाळी शिंकरलं तर रक्त. नाकाच्या दांड्यावर पट्ट्यानं फोड आला. झोपेत मी ती टोपी ओरबाडून फेकायची, सकाळी ती खाटेखाली सापडायची, अगदी तुमच्या गोधडीसारखी. आठवडाभर दात आवळून हे केलं आणि मग मशीन खोक्यात घालून माळ्यावर चढवलं. पोराला म्हटलं, "माझ्यानं नाही होत." सूनबाईनं पाळणा जरा आणखी स्वतःकडे ओढला. मला वाटलं, कमी पडले मी. बाप असता तर त्यानं सोसलं असतं. बघा नाना, तुमचा एवढा राग करूनही तुमच्याच फूटपट्टीनं स्वतःला मोजत होते. त्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

डॉक्टरीणबाईनं मशीन घेऊन बोलावलं. तिनं चालू करून बघितलं, डबी उघडून बघितली, माझं नाक बघितलं.

"रॅम्प कुणी बंद केला?"

"मी. औषधावर गूळ खाल्ला की ताकद जाते."

"असं कोण म्हणालं?"

"माझे वडील."

"ज्यांना समाधी लागायची ते?"

अशी हजरजबाबी पोरगी. मला कुणी गप्प केल्याचं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. मग तिनं खुर्ची पुढं ओढली. "मावशी, जागेपणी तुमचा घसा मिटतो का?"

"नाही. जागेपणी तो बंदच होत नाही, सुनेला विचार."

"मग जागेपणी एवढा वारा कशाला खाता? त्याची गरज झोप लागल्यावर. रॅम्प ठेवला तर झोप येईपर्यंत वारा मंद राहतो, झोप लागेस्तोवर तो ठरलेल्या जोराला जातो. झोपायला वेळ लागत असेल तर रॅम्प लांबवा. औषध तेवढंच मिळतं. पाण्यानंही वाऱ्याचा जोर कमी होत नाही, नुसती वाफ मिळते. आणि पट्टे आवळले की टोपी वाकडी होते, फटीतून वारा निघून जातो, म्हणजे आवळून तुम्ही उलट कमीच औषध घेत होता." मग जरा थांबून म्हणाली, "आणि माळ्यावरच्या मशीनची ताकद किती, ते तुम्हीच सांगा."

मला बोळाच्या वळणावरची ती गटार दिसली, कडेनं हिरवी झालेली. गालात धरून थुंकलेल्या काढ्याची. आणि मागच्या दाराशी बसलेली माय. दवाई पोटमा जावाले पाहिजे. एवढं शिकलेली ही डॉक्टरीण मायचंच वाक्य बोलत होती, फक्त शहरी भाषेत.

तिनं सांगितलं, दिवसा बसल्या बसल्या टोपी लावून सवय करा. म्हणून मी दुपारी डाळ निवडताना ती लावून बसायला लागले, वारा सगळ्यात मंद ठेवून. शेजारीण दारात आली आणि किंचाळली, "अगं बाई, ही सोंड लावून काय बसलीस?" मी म्हटलं, "गणपतीच्या देवळात जागा निघालीय, अर्ज केलाय." डबीत बॅटरीत घालतात ते पाणी घालायचं, त्यात क्षार नसतात. दुकानदारानं विचारलं, "मावशी, कुठल्या बॅटरीला पाहिजे?" मी म्हटलं, "माझ्याच. जुनी आहे, पण फेकायची नाहीये." पट्टे ढिले केले, एक बोट सहज जाईल इतके. रॅम्प लांब लावला. आणि नाना, झोप लागली. साधी, माणसाची झोप. सकाळी उठले तर डोकं हलकं, आणि स्वयंपाकघरातला आवाज नीट ऐकू येतोय, जसं काही कुणी कानातला कापूस काढला. भाकरी जळेनाशी झाली. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायला लागले.

पण डोकं हलकं झालं की त्यात जुन्या गोष्टी नीट दिसायला लागतात. पेंगताना एवढी वर्षं मी तो दिवस पुसट ठेवला होता.

आखाजीचा दिवस आहे. मी धुळ्याहून माहेरी आलेली, गावातल्या सगळ्या पोरी आलेल्या, पाराजवळच्या निंबाला झोका बांधलेला, आणि आम्ही संसाराच्या बायका पोरींसारख्या ओरडतोय. घरी आमरस झालेला, तुम्ही पोटभर जेवून ओट्यावर उताणे पडलेले. सणाचा दिवस म्हणून चेले जास्त. मी केसांत मोगरा घालून, घामाघूम, पाणी प्यायला घरी येते. ओट्यापुढं सगळे हात जोडून बसलेले. अगदी शांत. माय दारात उभी आहे, दोन्ही हातांत ती गोधडी, गुंडाळलेली. ती एक पाऊल पुढं टाकते. दलाल हळू आवाजात म्हणतो, "वहिनी, हात नका लावू. त्यास्ले समाधी लागेल शे." माय म्हणते, "भाऊ, माले जाऊ द्या. भलता वखत व्हयना." तो म्हणतो, "आज मोठी समाधी शे. मोडू नका." आणि त्याच्या मेव्हण्यानं आडवा हात धरलेला, देवळाच्या गाभाऱ्याला दांडा घालतात तसा. मी मायकडे बघते. ती तुमच्याकडे बघत नाहीये. तिला ऐकू आलेलं आहे. किंवा ऐकू यायचं जे होतं ते आलेलं नाही, आणि ते तिला सगळ्यांच्या आधी कळलेलं आहे. मग ती गोधडी घेऊन खाली बसते, तिथंच उंबऱ्यात. बाकीचे अजून हात जोडूनच. तुमच्या पायावर माशी येऊन बसते, आणि तेव्हा कुठं दलालाचे हात सुटतात.

त्यांनी काय केलं माहीत आहे ना? नाना समाधीतच गेले म्हणून ओट्यावर चौथरा बांधला. मायला ओट्यावर बसायची जागा राहिली नाही, ती शेवटपर्यंत मागच्या दाराशीच बसली. अजून तिथं नारळ फुटतो. दलालाचा पोरगा परवा घरातल्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आला होता, स्वतः पेंगत होता, तुमच्यासारखा जाड्या मानेचा. म्हणाला, "आक्का, नानांसारखी समाधी परत कुणाला लागली नाही." मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "तुलाच लागलीय रे भाऊ, त्या कोपऱ्यावर डॉक्टरीण आहे, जाऊन मोडून ये." त्याला वाटलं म्हातारी गंमत करतेय. मग मी त्याला बसवून मशीन दाखवलं, टोपी त्याच्या नाकावर टेकवली. तोंड बघण्यासारखं होतं. पण गेला तो. त्याच्या बायकोचा निरोप आला.

तुमचा मला राग आहे, नाना, आणि तो काही आता जायचा नाही. तुम्ही मेलात याचा नाही. साध्या गोधडीनं तुम्ही वाचले असते, आणि ती तुम्हाला मऊ लागली म्हणून तुम्ही ती बोळात फेकली. कडू गिळून तोंड सरळ ठेवलं म्हणून कुणी बरं होत नाही. तुम्हाला माणूस बरा झालेला बघायचाच नव्हता, तुम्हाला तो सोसताना बघायचा होता. एवढं साधं कळायला मला नाकातून रक्त काढावं लागलं.

सूनबाई आता येईल. आली की डोसाची पावती माझ्या हातात देईल आणि पोरीला माझ्या मांडीवर टाकून चहा टाकायला जाईल. हो, टाकते आता. पहिल्या दिवशी तिनं पोरीला दिलं आणि दारामागं उभी राहून बघत होती, मला दिसत होती तिची पावलं. मी मुद्दाम डोळे मिटून घोरल्याचा आवाज काढला. धावत आली बिचारी. मी एक डोळा उघडला आणि म्हटलं, "समाधी." पोट धरून हसली, आणि मग तिनं डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून दारामागं उभी राहिली नाही.

हे पत्र घडी करून डाळीच्या डब्याखाली जाईल. पाठवायचं कुठं, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही चेल्यांना गोळा करून मोठ्यानं वाचलं असतं. फक्त एक राहिलं. फोटो पुसायला काढला नव्हता. त्या दोघी गेल्यावर मी मशीन जमिनीवर ठेवलं, डबीत पाणी भरलं, आणि टोपी तुमच्या काचेवर धरली. पट्टे आवळले नाहीत. काचेवर वाफ आली, तुमची मिशी दिसेनाशी झाली, मग परत दिसली. रॅम्प सगळ्यात लांबचा लावला होता, नाना. पहिल्यांदाच लावणाऱ्याला एकदम जोराचा वारा सोसत नाही.